भिकूशेठ मुंगसाचा परवाना

एका जंगलात भिकूशेठ नावाचा एक मुंगूस चिवडा विकत असे. पण पुढे त्या जंगलात चिवडेवाले इतके माजले, की खाणाऱ्यांपेक्षा तळणारे जास्त झाले. तेव्हा बाळांनो, भिकूशेठनं पोह्यांची पोती बांधली, बोटीत चढला आणि पार पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर जाऊन उतरला.

निघताना सगळ्या जंगलासमोर मिशीवर पंजा फिरवून म्हणाला, "हात हलवत परत आलो, तर ही मिशी भादरून टाकीन!"

व्यापाऱ्यानं निघताना असं काही बोलू नये. पण निघताना सगळेच बोलतात.

बेटावर खेकडे राहत. ताटाएवढे, नारळ फोडून खाणारे. त्यांचा कारभार एक म्हातारी कासवीण बघे. तिला सगळे आजी म्हणत. आजीनं भिकूशेठला एक वर्षाचा परवाना दिला आणि अट घातली.

"इथला एक जण हाताशी घे. त्याला धंदा शिकव. वर्षानं मी परीक्षा घेईन. तो शिकला, की तू तुझ्या घरी."

"आणि नाही शिकला तर?"

"तर आणखी एक वर्ष राहा आणि शिकव."

भिकूशेठ इतका गोड हसला, की आजीला वाटलं याचा दात दुखतोय.

त्यानं बेटभर फिरून तेवा नावाचा खेकडा निवडला. हा तेवा माडाखाली पडून नारळ खाली पडायची वाट बघत असे. चढायचा कंटाळा.

"तेवा, धंदा शिकणार का?"

"पडल्या पडल्या येत असेल तर शिकतो, शेठ."

"वा! मला असाच पाहिजे होता."

खरा धंदा भिकूशेठला पाठ होता. पहाटे दुकान उघडायचं. गिऱ्हाईक आलं की "काय देऊ? किती देऊ? चला, पुढचा!" असा सपाटा लावायचा. तरी वर्षभरात त्याच्याकडे तीनच गिऱ्हाइकं आली. त्यातलं एक रस्ता विचारायला आलं होतं.

तेवाला मात्र त्यानं सगळं उलटं शिकवलं. तो नापास झाला, तरच परवाना वाढणार होता आणि मिशी वाचणार होती.

"हे बघ, झोप पुरती झाल्याशिवाय दुकान उघडायचं नाही."

"हे मला जमेल, शेठ."

"कुणी आलं की आधी त्याच्या आईची चौकशी. मग आजीची. मग आजीच्या होडीची. विकायचं नाव काढायचं नाही."

"बरं."

"आणि जाताना ओंजळभर चिवडा हातात कोंबायचा. फुकट!"

"शेठ, धंदा इतका सोपा असतो? मग तुम्ही घामाघूम का असता?"

"जुनी सवय," भिकूशेठ म्हणाला.

परीक्षेला आठ दिवस उरले, तेव्हा त्यानं दुकान तेवाच्या ताब्यात दिलं आणि माडाआड लपून बघू लागला. दोन दिवसांत अर्धी पोती रिकामी! भिकूशेठ आनंदानं नाचला. "बुडाला! नापास! मी राहिलो!" बुडत होतं ते दुकान स्वतःचंच आहे, हे नाचण्याच्या भरात त्याच्या ध्यानात आलं नाही.

आता बाळांनो, त्या बेटाची एक रीत होती. कुणी काही प्रेमानं दिलं, तर त्याच्या दुप्पट परत न्यायचं. नाही नेलं, तर सात पिढ्यांना तोंड लपवून फिरावं लागे. विकत घेतलेल्या वस्तूवर मात्र परतफेड नाही. म्हणून विकत घेण्यात कुणाला गोडीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी खेकड्यांची रांग लागली. कुणी मासे आणले, कुणी चटया, कुणी केळ्यांचे घड. एकानं तर अख्खी होडी ओढत आणली. तेवानं त्या सगळ्यांना पुन्हा चिवडा दिला, सगळ्यांच्या आज्यांची पुन्हा चौकशी केली. चौथ्या दिवशी रांग दुप्पट.

आठव्या दिवशी आजी आली. तेवा घोरत होता. भिकूशेठनं मनात देवाला नारळ कबूल केला.

तेवानं एक डोळा उघडला. "ये आजी. तुझी आई बरी आहे ना?"

आजी दोनशे वर्षांची. साठ वर्षांत तिच्या आईची चौकशी कुणी केली नव्हती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती बसली ती सूर्य बुडेपर्यंत आईबद्दलच बोलली. उठताना तोंडात चिवडा घोळवत म्हणाली, "पास! पहिल्या नंबरानं पास!"

मग माडाकडे वळली. "भिकूशेठ, बाहेर ये. तुझी मिशी दिसतेय."

भिकूशेठ पंजानं मिशी झाकत बाहेर आला. "बोट कधी आहे, आजी?"

"कसली बोट? असला गुरू सोडायला मी काय खुळी आहे? या बेटावर अजून चारशे खेकडे शिकायचे आहेत. शिकव सगळ्यांना. तोवर परवाना चालू."

दुसऱ्या दिवशी चारशे खेकडे वाळूत ओळीनं बसले. सगळ्यात पुढचा म्हणाला, "गुरुजी, धंद्यात पहिली गोष्ट कोणती?"

भिकूशेठनं आयुष्यात पहिल्यांदा अंगभर आळस दिला.

"उद्या विचार," तो म्हणाला.

चारशे खेकड्यांनी ते वाळूत लिहून घेतलं.

तात्पर्य : दुसऱ्यासाठी खड्डा खणू नये, असं थोर लोक सांगतात. त्यांनी खणणं अर्ध्यात सोडलं असणार. बाळांनो, तुम्ही खणत राहा. पाणी लागतं.