आडवं आलेलं तेल

बिबवेवाडीतल्या महिपतराव भिंताड्यांनी घरचा कॉम्प्युटर स्वतः साफ करायचं ठरवलं, त्याला कारण झालं केसांचं तेल.

त्यांची एकुलती एक मुलगी उत्कर्षा फिनलंडमध्ये ओउलू नावाच्या गावी नोकरीला आहे. (हे नाव घेताना मागून कुणीतरी चिमटा काढल्यासारखं वाटतं, म्हणून महिपतराव चारचौघांत नुसतं ‘फिनलंड’ म्हणतात.) दर रविवारी संध्याकाळी ती कॉम्प्युटरवर दिसायची. घरात मोबाईल होते, पण मैनाबाईंना ते मंजूर नव्हते. “त्यात पोरगी काडेपेटीएवढी दिसते,” त्या म्हणायच्या. “वाळलीय का भरलीय, काय कळतं?”

त्या रविवारी जेवणाची, थंडीची, नळाच्या पाण्याची चौकशी झाली आणि निरोप घेता घेता उत्कर्षा जरा थांबली. म्हणाली, “आई, बाबा, या दिवाळीला ना, मी...”

आणि पडद्यावर तेलाची बाटली आली. बाटलीमागून एक टकलू गृहस्थ आला. बघता बघता त्याला केस फुटले आणि त्या जंगलात उत्कर्षा दिसेनाशी झाली. आवाजसुद्धा त्याचाच. महिपतरावांनी फुलीवर बाण नेला की फुली कोपरा बदलायची. शेवटी एकदाची बाटली गेली, तर उत्कर्षाही गेलेली. मागे मेसेज होता, ‘मैत्रिणी खाली थांबल्यात, पळते. पुढच्या रविवारी बोलू.’

“काय म्हणाली ती?” मैनाबाईंनी विचारलं.

“या दिवाळीला मी.”

“ते मीही ऐकलं. पुढे?”

“पुढे तेल.”

महिपतरावांनी फोन करायला मोबाईल उचलला. मैनाबाईंनी तो खाली ठेवायला लावला. “विचारू नका. विचारलं की ‘बघते’ म्हणते. आज आपणहून सांगत होती.” गेल्या दोन्ही दिवाळ्या ‘बघते’मध्येच गेल्या होत्या. मग त्या आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, “भाजणी दळून आणायची का नाही, तेवढं कळलं असतं. दोघांसाठी कोण चकल्या करतं?”

महिपतरावांनी त्या क्षणी मनाशी ठरवलं. येत्या रविवारी पडद्यावर मुलगी आणि आपण यांच्यामध्ये कुणीही येता कामा नये.

पाटबंधारे खात्यात त्यांची हयात आवक-जावक टेबलावर गेली होती. वर्तमानपत्राच्या पुरवणीत कॉम्प्युटर सफाईवर एक लेख आला होता, त्याबरहुकूम त्यांनी प्रोग्रॅमांची यादी उघडली आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे नुसती आवकच झालेली आहे. एक टूलबार होता. एक सवलतीची कुपनं दाखवणारा होता. एक मशीनचा वेग वाढवून देतो म्हणायचा, आणि तो आल्यापासून मशीन सुरू व्हायला चहा उकळून गाळून होईपर्यंत वेळ लागत होता.

“हे सगळे आले कुठून?” मैनाबाई.

“त्या फुकटच्या पंचांगाबरोबर आले असणार. ते घेताना दर खेपेला ‘पुढे’ असं बटण यायचं. मी दाबत गेलो.”

“कंडक्टर पुढे सरका म्हणतो तेव्हा तर जागचे हलत नाही.”

लेखात सांगितलेला तपासनीस प्रोग्रॅम त्यांनी चालवला. त्याने पिवळ्या रंगात निकाल दिला, संभाव्य नको असलेले प्रोग्रॅम.

“संभाव्य म्हणजे?”

“म्हणजे नको आहेत असं वाटतं, पण तोंडावर म्हणता येत नाही.”

“म्हणजे तुमच्याकडचे पाहुणे,” मैनाबाई म्हणाल्या आणि कुकर लावायला गेल्या.

काढायला लागल्यावर एकेक प्रोग्रॅम गयावया करू लागला. नक्की काढायचं? खरंच? आमचं काही चुकलं का? कुपनवाल्याने तर कारण लिहायला रिकामी चौकट दिली. महिपतराव जुन्या वळणाचे. त्यांनी तिथे शुद्ध कार्यालयीन इंग्रजीत लिहिलं की आपणाविषयी व्यक्तिगत रोष नाही, परंतु सद्यःस्थितीत आपली सेवा खंडित करणे भाग पडत आहे. त्यावर त्याने एक रडवेलं कुत्र्याचं पिल्लू दाखवलं. खाली लिहिलं होतं, तुम्ही थांबावं म्हणून आम्ही काय करू?

महिपतरावांचा हात तिथे उगाच रेंगाळला. उत्कर्षा निघाली तेव्हा विमानतळावर त्यांनी तिला “पासपोर्ट घेतलास ना?” एवढंच विचारलं होतं. तिने हो म्हटल्यावर परत एकदा विचारलं होतं. हे पिल्लाचं वाक्य तेव्हा कुठे होतं कोण जाणे. त्यांनी चष्मा पुसला आणि पिल्लासकट कुपनवाला काढून टाकला.

पुढे मात्र त्यांना हुरूप आला. जे आपण टाकल्याचं आठवत नाही ते संशयास्पद, असं लेखात होतं. (मशीनबरोबर मुळात आलेल्या गोष्टींना हात लावू नका, असंही होतं, पण हुरूप आलेला माणूस लेख शेवटपर्यंत वाचत नाही.) यादीत एक ऑडिओ मॅनेजर सापडला. घरात माणसं दोन, त्यांना मॅनेजर कशाला, असं म्हणून महिपतरावांनी त्यालाही नारळ दिला. त्याने मात्र काही गयावया केली नाही.

रविवारी मैनाबाई चांगली साडी नेसून बसल्या. ठरल्या वेळी उत्कर्षा पडद्यावर आली, स्वच्छ, ठळक, पूर्ण पडदाभर. तेल नाही, टकलू नाही. महिपतरावांनी बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं.

उत्कर्षाचे ओठ हलले. आवाज आला नाही.

“बोल गं,” मैनाबाई म्हणाल्या. ओठ पुन्हा हलले. महिपतरावांनी स्पीकरची वायर काढून घातली, स्पीकरवर चापट मारली, मग कॉम्प्युटरवर मारली. उत्कर्षा काहीतरी खुणा करत होती, मग तीही गप्प झाली.

“लागत नाहीये,” महिपतराव म्हणाले. “तिलाही आपलं ऐकू येत नसणार. येईल आपोआप. बस जरा.”

दोघं बसून राहिले. मग मैनाबाई हळूच म्हणाल्या, “अहो, ती नाहीच म्हणणार आहे. मागच्या वेळी तिचा चेहरा मी बघितला ना. तिने नाही म्हणायच्या आत आपणच सांगून टाकू, की आम्ही दिवाळीला कोकणात सहलीला चाललोय. म्हणजे तिला वाईट वाटायचं नाही.”

“मला खोटं बोलता येत नाही.”

“येत नाही? तिची गाडी विकली म्हणून सांगितलंत तिला. खाली पार्किंगमध्ये काय उभं आहे मग?”

महिपतरावांनी खिडकीतून खाली पाहिलं. “तीच म्हणाली होती, बाबा विकून टाका, पडून सडेल. सडू कशी देईन? रोज सकाळी गंगाधाम चौकापर्यंत नेऊन आणतो.”

“गुडघा दुखतो म्हणून पिशवीभर भाजी आणायला होत नाही तुम्हाला.”

“तिने ब्रेक लावला की गाडी जराशी डावीकडे ओढायची. अजून ओढते. मेकॅनिक म्हणतो दोन मिनिटांचं काम आहे. मीच करू दिलं नाही.”

मैनाबाई पदराच्या टोकाची घडी घालत राहिल्या. “मीसुद्धा भाजणी दळून आणलीय,” त्या म्हणाल्या. “गुरुवारीच. आली नाही तर थालीपीठं लावू. कळलं नसतं तुम्हाला.”

महिपतरावांनी पडद्याकडे पाहिलं. उत्कर्षा मघापासून तशीच होती. हात हनुवटीला, मान किंचित कलती, जराही हलत नव्हती. “चित्रही अडकलं वाटतं,” ते म्हणाले. “पण चांगल्या ठिकाणी अडकलंय. राहू दे असंच थोडा वेळ.”

मैनाबाई पुढे वाकल्या. चष्मा वर केला, परत खाली केला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “अडकलेलं चित्र डोळे पुसतं का?”

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. पडद्यावरच्या उत्कर्षाच्या कानाला फोन होता.

“आई, मला सगळं ऐकू येतंय,” उत्कर्षा म्हणाली. “पहिल्यापासून. मी सांगत होते, तुम्हाला ऐकू येत नव्हतं.” तिने परत डोळे पुसले. “मागच्या रविवारी मी नाहीच म्हणत होते. रजा अवघड आहे म्हणून. आता मागते. नाही दिली तर भांडते. तू थालीपीठं लावू नकोस.”

मैनाबाईंनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, पण पडद्यावर दिसली असावी.

“आणि बाबा, तुम्ही आवाजाचं काय केलंत ते मला माहीत नाही, पण मी येईपर्यंत कशाला हात लावू नका. मी आल्यावर नीट करते.”

“दोन मिनिटांचं काम आहे,” महिपतराव म्हणाले. “आज करून टाकतो.”

बोलणं संपलं. महिपतरावांनी बाह्या सरसावल्या आणि यादी पुन्हा उघडली. मैनाबाईंनी शांतपणे कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं.

“राहू द्या तसाच. तो नीट झाला आणि तिला यायला एक कारण कमी पडलं तर?”

एवढं बोलून त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, जरा विचार केला आणि परत येऊन बटण पुन्हा चालू केलं.

“करा हवं तर,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हातून व्हायची भीती नाही.”