डोंगरासारखं घर

डोंगराकडच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा बायकोने एकच गोष्ट मागितली. भाजी चिरताना समोर डोंगर दिसावा. आजवरचा सगळा संसार तिने समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप बघत केला होता. नवरा तिथल्या तिथे हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं काही जात नसे.

मग आर्किटेक्ट आला. डोंगरासमोर डोळे मिटून तो बराच वेळ बसला आणि उठून म्हणाला, "घर डोंगराजवळ नको. घरच डोंगर हवं." नवऱ्याला यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तसं कबूल केलं तर आपण अडाणी ठरू, म्हणून त्याने जोरात मान हलवली. पुढचं सगळं त्या मानेमुळे झालं.

छपराला शिखर आलं. भिंती काळ्या दगडाच्या झाल्या आणि डोंगराकडची तर अखंड, कारण डोंगराला खिडक्या नसतात. डोंगर सपाट नसतो, म्हणून प्रत्येक खोली वेगळ्या उंचीवर गेली. गुहा तर हवीच, म्हणून स्वयंपाकघर सगळ्यात खाली. बायकोने खिडकीचा विषय काढला की नवरा म्हणे, "अगं, तो शिकलेला माणूस आहे." तिचे गुडघे मात्र शिकलेले नव्हते. चहा वर पोचेपर्यंत गार व्हायचा आणि ती गरम.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे तो जवळ येऊनही दिसेना. शेवटी घराच्या बाजूला सिमेंट ठेवायला उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिने शेगडी नेली. दार उघडलं की समोर अख्खा डोंगर. बाई सुखात होती, आणि तेच कोणाला बघवलं नाही.

आर्किटेक्ट फोटोग्राफरला घेऊन आला. शेडचा कोपरा फोटोत येत होता.

"हे तेवढं काढून टाका," तो म्हणाला. "डोंगराशी जुळत नाही."

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने मान हलवली. संध्याकाळपर्यंत पत्रे उतरले.

फोटो मासिकात छापून आला. नवऱ्याने तो मोठा करून घेतला, चौकट बसवली आणि ओट्यासमोर, खिडकी असायला हवी होती नेमका तिथे टांगला.

"घे. आता रोज बघ तुझा डोंगर."

तिने चष्मा पुसून लावला. शिखर, उतार, काळा दगड, सगळं जिथल्या तिथे होतं.

"हे घर झालं," ती म्हणाली. "डोंगर कुठाय?"

नवऱ्याने फोटोला नाक लावून बराच वेळ शोधलं.

"असेल की," तो म्हणाला. "घराच्या मागे."