तोंड बघणारे चौगुलेअण्णा

आमच्या फाउंड्रीचे सेफ्टी ऑफिसर चौगुलेअण्णा माणसाचं हेल्मेट बघत नाहीत, तोंड बघतात. सकाळी गेटवर उभे राहतात, आत येणाऱ्या प्रत्येकाला थांबवतात आणि सरळ हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवतात. "झोपलायस काय रं?" "न्याहारी केलीस?" "बायको बोलाय लागली का?" मागं मोटारसायकलींची रांग लागलेली, भोंगा होऊन गेलेला, आणि मी, प्रॉडक्शन मॅनेजर, वरच्या खिडकीतून घड्याळ बघत दात खातोय.

"अण्णा, बूट, गॉगल, हातमोजे बघा. घरच्या चौकशा कशाला?"

"बूट घातलेला माणूस बी पडतोय की साहेब," म्हणत ते पुढच्याची हनुवटी धरतात.

दिनकर हा आमचा ओतकामातला सगळ्यात तयार गडी. एके दिवशी भट्टीतलं लोखंड पातळ होऊन तयार, साचे मांडलेले, आणि अण्णांनी दिनकरला बाजूला काढून वाळू चाळायला बसवलं. का, तर त्याच्या बहिणीची ठरलेली सोयरीक आदल्या दिवशी मोडली होती.

"डोकं घरात हाय त्याचं," अण्णा म्हणाले. "आज त्याच्या हातात लोखंडाचं पाणी देऊ नका."

मी समजावलं. मग ओरडलो. मग मालकांना फोन लावायची धमकी दिली.

"लावा की. तवर मी ह्याला चहा पाजतो."

दुसरा माणूस शोधून आणेपर्यंत लोखंड गार होत आलं आणि निम्मे साचे रिकामे राहिले. मालकांची बोलणी मी खाल्ली. अण्णा आणि दिनकर कँटीनमध्ये खारी खात होते.

सेफ्टीची एक वही असते. तिच्यात 'धोका' असा रकाना असतो. बाकीच्या कारखान्यांत तिथं 'वायर उघडी', 'जिना निसरडा' असलं काही लिहितात. आमच्या अण्णांच्या वहीत लिहिलेलं असतं, 'दिनकर : बहिणीची काळजी. सर्जेराव क्रेनवाले : भावाशी अबोला, जेवण कमी.' पुण्याहून तपासणीला आलेल्या बाईंनी हे वाचून चष्मा काढला.

"हे काय लिहिलंय?"

"धोकाच हाय की मॅडम," अण्णा म्हणाले. "आणि तुमी बी जरा बसा. गाडीतनं उतरल्यापास्नं चारदा फोन कट केलासा."

मी डोक्याला हात लावला. बाई वही मिटून बाहेर गेल्या. पुढची पंधरा मिनिटं त्या आवारातल्या झाडाखाली कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या.

अण्णांनी मलाही सोडलं नाही.

"साहेब, सकाळपास्नं तिघांवर ओरडलासा."

"काम नीट झालं तर ओरडेन कशाला?"

"तुमी ओरडता, मग माणसं चूक सांगत न्हाईत. झाकत्यात. झाकलेलं एक दिवस वरनं पडतंय."

आता हे मला माझं काम शिकवणार. चार दिवस मी त्यांच्याशी तुटक वागलो.

पाचव्या दिवशी अण्णांनी क्रेन बंद केली. मी तणतणत खाली गेलो. तिथं अण्णा आणि सर्जेराव उभे. क्रेनच्या दोराचे तीन-चार पदर तुटलेले होते. सर्जेरावांनी ते आधीच बघितलं होतं. मला सांगायला आलेही होते, पण केबिनच्या दारातून माझा आवाज ऐकून परत गेले. शेवटी त्यांनी अण्णांना सांगितलं. त्या दोराखालून रोज माणसं जात-येत होती. मीही जात होतो. अण्णांनी मला दोर दाखवला आणि "बघा, म्हणलो नव्हतो?" एवढंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

दोर बदलला, पण गेटवरची रांग काही कमी झाली नाही. माझा वैतागही.

मध्यंतरी सुट्टीच्या दिवशी मी गगनबावड्याकडं, सासुरवाडीला निघालो होतो. रंकाळा स्टँडवर अण्णा हातात पिशवी घेऊन एसटीची वाट बघत उभे दिसले. न घेऊन सांगतो कुणाला? गाडीत घेतलं आणि मनाची तयारी केली, आता तासभर माझी झोप आणि माझी न्याहारी. पण अण्णा बोलेचनात. वाटेवरच्या एका गावात एका घरापुढं "हितं थांबवा" म्हणून उतरले. घरातल्या बाईंनी चहा घेतल्याशिवाय मला जाऊ दिलं नाही.

ओसरीवर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. त्याचा उजवा हात मनगटापासून नव्हता. अण्णांनी पिशवीतून नेलकटर काढला, त्याच्यासमोर मांडी घातली, त्याचा डावा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि एकेक नख कापायला लागले.

"मी कापते म्हटलं तर ऐकत न्हाईत," चहा देताना बाई मला म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या नखासाठी कोल्लापुरास्नं येत्यात. आमीबी आता नको म्हणायचं सोडलं."

अण्णा मला गाडीपर्यंत सोडायला आले. मी विचारलं, "कोण हे?"

"आधीच्या कारखान्यात माझ्या हाताखाली व्हता," ते म्हणाले. "मी सुपरवायझर. पोरगं दवाखान्यात व्हतं त्याचं. सकाळी आला तवा डोळं लाल. मी बघितलं व्हतं साहेब. पर काम अडलं व्हतं. काय न इचारता पत्रा दाबायच्या प्रेसवर बसवला."

अण्णांनी गाडीचं दार हलकेच लावून दिलं.

"जावा तुमी," ते म्हणाले. "दोन बोटं ऱ्हायल्यात अजून."

आणि ते परत ओसरीकडं गेले.