चपला काढून जिल्ह्यात या

आमचे बसलिंगप्पा मास्तर लातूर जिल्ह्यात चपला घालून कधी गेले नाहीत. उदगीरच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवायचो, तिथंच ते भूगोल शिकवायचे, आणि हा जिल्हा त्यांनी शाळेच्या पटांगणात स्वतःच्या हातांनी मांडला होता. काळ्या मातीचं पठार, मुरमाचे बालाघाटाचे डोंगर, चुन्यानं सारवलेलं मांजरेचं पात्र आणि भोवती विटांची सरहद्द. आत यायचं तर चपला बाहेर. हेडमास्तर एकदा घाईत तसेच घुसले, तर मास्तर ओरडले, "सर, निलंगा तुडवलाव की तुम्ही!"

हेडमास्तर बिचारे जागच्या जागी उडी मारून औशावर उतरले. मग औशाचीही डागडुजी आली.

त्यांचं एक पालुपद होतं, "नकाशात खोटं चालत न्हाई." उदगीर आपलं गाव, जरा मोठं दाखवा, असं आम्ही सुचवून पाहिलं. ऐकतील तर शपथ. त्यात नव्या जिल्ह्याच्या पाचवीलाच दुष्काळ पुजलेला. कुणी बडे साहेब शाळा पाहायला येणार म्हणून हेडमास्तरांनी मांजरेत ओतायला बादली आणली, तर मास्तर धोतर सावरून थेट नदीच्या पात्रात बसले. "खरी मांजरा कोरडी पडलीय. हिला पाणी कसं दाखवू?" साहेब आले तेव्हाही ते तिथंच होते. साहेबांनी नदीला नमस्कार करावा तसा त्यांना नमस्कार केला आणि पुढं गेले.

एक गोष्ट मात्र आम्हाला उमगत नव्हती. पश्चिमेला, सरहद्दीच्या बाहेर, नदी आत शिरते तिथं त्यांनी एक पांढरा चपटा दगड ठेवला होता. रोज सकाळी जिल्हा राहू दे, आधी तो दगड झाडायचे. मी डिवचलं, "मास्तर, तो तर परजिल्हा. त्याची कशाला उठाठेव?"

"नदी तिकडून येती. खोटं कसं बोलू?" म्हणाले आणि तोंड फिरवलं.

तो दगड म्हणजे कळंबकडचं एक गाव, त्यांच्या अक्काचं सासर. हे मला मास्तरांच्या बायकोकडून कळलं. आई गेली तेव्हा मास्तर शेंबडं पोर होते. अक्कानं लग्न होऊन जाताना या भावाला कडेवर घेतलं आणि सासरी नेऊन वाढवलं. पुढं जुना जिल्हा फुटून लातूर वेगळा झाला आणि कळंब जुन्यातच राहिलं, तेव्हा मास्तरांनी आख्ख्या स्टँडवर पेढे वाटले. आनंदाच्या भरात कळंब गाडीच्या कंडक्टरच्या हाती अक्कालाही धाडले. दुसऱ्या दिवशी पुडा जसाच्या तसा परत आला, वर निरोप: "वाटणी झाल्यावर पेढे वाटत्यात का रं? वेगळा झालास, सुखात ऱ्हा."

जिल्हा फुटला म्हणजे घर फुटलं, असं त्या माउलीला वाटलं. तेव्हापासून पंचमीला त्या माहेरी आल्या नव्हत्या. मास्तर दर श्रावणात कंडक्टरला गाठायचे, आणि कंडक्टर दर वेळी नुसती मान हलवायचा. हा माणूस आम्हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता, पण त्या दिवसांत त्यांच्याकडं बघवत नसे.

त्या दुष्काळी वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, शाळेसमोर एसटी थांबली आणि हातात गाठोडं घेतलेली एक म्हातारी उतरली. श्रावण असून ऊन चैत्राचं होतं. मास्तर फळ्यावरची रेघ अर्धी सोडून धावले.

"कंडक्टर म्हणला, तुझा भाऊ तुझं गाव मांडून रोज झाडतोय," अक्का म्हणाल्या. "कुठाय बघू."

मास्तरांनी त्यांना हाताला धरून त्या दगडावर उभं केलं. मग शाळेमागच्या आपल्या घरातून भरलेली कळशी आणली. टँकरचं पाणी, पाहुण्याला प्यायला अर्धा तांब्या देताना लोक विचार करत होते. मास्तर खाली बसले आणि अक्काचे पाय धुऊ लागले.

"आरं बसलिंगा, पाणी कशाला नासतोस?"

"नासत न्हाई अक्का. खाली चाललंय."

खरंच चाललं होतं. दगडावरून ओघळून ते विटांच्या फटीतून आत शिरलं आणि चुन्याच्या पात्रातून लातूरच्या दिशेनं सरकू लागलं. मला राहवलं नाही. "मास्तर, खरी मांजरा तर कोरडी आहे. मग हे खोटं नाही का?"

"खोटं कसं? अक्काकडून आलंय."

अक्का ओल्या पायांत चपला सरकवून सरहद्दीपाशी आल्या आणि आमच्या सगळ्यांसारख्या त्या पुन्हा काढायला वाकल्या. मास्तरांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे अक्का, तू घाल. माती लई तापलीय."

आणि अक्का चपला घालून, बालाघाट तुडवत, सगळा जिल्हा ओलांडून उदगीरला पोचल्या. मास्तर गाठोडं घेऊन मागून अनवाणी चालत होते.