नायकाला रजा कोणी दिली?

पडद्यावर भूत जिना उतरत होतं. पांढरी साडी, मोकळे केस, पाय उलटे. एकेका पायरीला पैंजण वाजत होते आणि खाली दिवाणखान्यात नवीन भाडेकरूंचं सगळं कुटुंब एकमेकांना धरून उभं होतं. थिएटरात कोणी हलत नव्हतं. तेवढ्यात माझ्या शेजारून, कचेरीत टेबलापलीकडच्या माणसाला विचारावा तसा, स्वच्छ आवाजात प्रश्न आला, "घर अजून हिच्याच नावावर आहे का?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी आधी दचकली आणि मग जी हसत सुटली, ती भूत दिवाणखान्यात पोचलं तरी हसतच होती. मी खाली वाकून चप्पल शोधत असल्याचं नाटक केलं. ओव्हाळसाहेब मात्र पडद्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होते. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनीच ते मला सांगितलं. बाईला जाऊन वीस वर्षं झाली, वारसनोंद झालेली नाही, आणि ज्या भाच्याने घर भाड्याने दिलं त्याचा मुळात अधिकारच पोचत नाही. "तिला कोणी विचारलंय? मग ती जिना उतरणार नाही तर काय करणार?" त्या सिनेमात त्यांची सहानुभूती शेवटपर्यंत भुताच्या बाजूने होती. मांत्रिक आला तेव्हा तर ते चिडलेच.

दिनकर ओव्हाळ सदाशिव पेठेत आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. आस्थापना म्हणजे माणसांचा हिशेब ठेवणारी शाखा. कोण कधी रुजू झाला, कोणाची रजा किती उरली, कोणाची बढती का अडली, हे सगळं त्यांच्या कपाटात आणि बरंचसं डोक्यात. निवृत्तीनंतर कपाट सुटलं. डोकं राहिलं, आणि ते घेऊन ते सिनेमाला जाऊ लागले.

सिनेमाचा त्यांना शौक वगैरे नाही. दिग्दर्शक कोण हे त्यांना माहीत नसतं, नट-नट्या तर सगळ्या सारख्याच दिसतात. मंगळवारी दुपारी जो लागला असेल तो. मंगळवार दुपार अशासाठी, की थिएटर रिकामं असतं आणि त्यांच्या मतांना मोकळी जागा मिळते. त्यांच्या पत्नी मंगलताई बरोबर येत नाहीत. "मी घरी पस्तीस वर्षं ऐकलंय," एवढंच त्या म्हणतात. मी मुद्रितशोधक, घरी बसून लोकांच्या पुस्तकांतले ऱ्हस्वदीर्घ सुधारणारा. दुपारचा मोकळा माणूस इमारतीत मीच, म्हणून ही नेमणूक माझ्याकडे आली. तिला आता अकरा वर्षं होतील.

सिनेमा कोणत्याही प्रकारचा असो, ओव्हाळसाहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला. नायक पडद्यावर आला, वाऱ्यावर केस उडाले, की ते विचारतात, "नोकरी काय करतो हा?" याचं उत्तर पहिल्या अर्ध्या तासात मिळालं नाही, तर सिनेमावरचा त्यांचा विश्वास उडतो. उत्तर मिळालं, तर दुसरा प्रश्न. नायक खुनाचा बदला घ्यायला परदेशात जातो, तीन महिने हिंडतो, सतरा माणसं मारतो. ओव्हाळसाहेब मान हलवतात. "तीन महिने. याला रजा कोणी दिली?"

प्रेमकथांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. दोघांपैकी एकाला तरी नोकरी असावी, असं त्यांना वाटतं, कारण दोघंही दिवसभर डोंगरावर असतात. पोलिसांच्या सिनेमात इन्स्पेक्टर निलंबित होतो, टोपी टेबलावर ठेवतो आणि त्याच रात्री पिस्तूल घेऊन खलनायकाच्या अड्ड्यावर जातो. तिथे ओव्हाळसाहेबांना खलनायकाची पर्वा नसते. "निलंबित माणसाने हत्यार जमा करायला नको? जमा करून घेणारा कोण होता त्या दिवशी?" तो जमा करून घेणारा माणूस सिनेमात नसतोच, पण घरी पोचेपर्यंत साहेब त्याच्यावर कारवाई करत असतात.

एका ऐतिहासिक सिनेमात जखमी स्वार रात्रभर घोडा फेकत गडावर येतो, महाराजांच्या हाती पत्र देतो आणि तिथेच प्राण सोडतो. माझे डोळे भरून आले होते. साहेब हळहळत म्हणाले, "पोच नाही घेतली त्याने." मला राग आला. पण नंतर मला असं वाटलं, की पत्र पोचवल्याचा पुरावा त्या गरीब स्वाराच्या नावावर कुठेतरी असावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

रहस्यपटांना त्यांना नेऊ नये. एकदा मध्यंतराच्या कितीतरी आधी त्यांनी खुनी सांगून टाकला, मला नव्हे, सबंध रांगेला. पोलीस सगळ्यांचे स्वभाव तपासत होते, हे हजेरी तपासत होते. "खून झाला त्या दिवशी मॅनेजर कामावर नव्हता. कोणी विचारलंच नाही त्याला." मॅनेजरच निघाला. रांगेतल्या एका गृहस्थांनी जाताना आमच्याकडे जे पाहिलं, ते अगदी पुणेरी होतं. एक अक्षर न बोलता त्यांनी आम्हाला तिकिटाचा उरलेला अर्धा तुकडा देऊ केला.

एक अवकाशवीर चाळीस वर्षांनी पृथ्वीवर परततो आणि त्याचं वय मात्र चारच वर्षांनी वाढलेलं असतं, असा एक सिनेमा आम्ही पाहिला. बाहेर पडताना साहेब बोटांवर काहीतरी मोजत होते. चार दिवसांनी सकाळी दुधाच्या दुकानात भेटले आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "सेवा चाळीसच वर्षं धरायची, पेंडसे. सगळा काळ कर्तव्यावरचा आहे. तो काही फिरायला गेला नव्हता." दूधवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बरोबर आहे.

त्यांना मनापासून आवडलेला सिनेमा मला एकच आठवतो. कुठल्याशा थंड देशातला होता. एक म्हातारा दोन तास खिडकीशी बसतो, मधे एकदा उठून किटली ठेवतो, पुन्हा बसतो. थिएटरात आम्ही पाच जण होतो, त्यातले दोघं झोपले. साहेब मात्र ताठ बसून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "निवृत्त आहे तो. बरोबर दाखवलंय."

हे सगळं मी इमारतीत रंगवून सांगत असे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कॉलेजच्या मुली त्यांना जिन्यात गाठून विचारायच्या, "काका, या वीकला कोणता पाहिला? तुम्ही रिव्ह्यू टाका ना, व्हायरल होईल." साहेब म्हणायचे, त्रुटी आहेत, परत पाठवलाय. मुली खूश व्हायच्या. मीही एकदा गमतीने विचारलं होतं, की सिनेमात तरी नियम कशाला. तेव्हा ते हसले नाहीत. त्यांचे वडील कारखान्यात झाडलोट करायचे. वाघोलीकडून पुण्यात येऊन एका खोलीत त्यांनी पाच मुलं शिकवली. "आमच्यासाठी कुठे शब्द टाकणारं कोणी नव्हतं," साहेब म्हणाले. "कॉलेज, नोकरी, बढती, जे मिळालं ते नियमाने मिळालं. नियम मोडून मिळवणारे दुसरे होते." मी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

मागच्या हिवाळ्यात एक विनोदी सिनेमा लागला. कचेरीतला. त्यात एक मुख्य लिपिक होता, नाकावर चष्मा, कोटाला तीन पेनं. गावाकडे आई आजारी म्हणून एक शिपाई त्याच्याकडे रजा मागायला येतो. लिपिक अर्ज परत करतो, शाई हिरवी आहे म्हणून. दुसऱ्यांदा समास सोडला नाही म्हणून. तिसऱ्यांदा तो विचारतो, आई आजारी असल्याचा दाखला आहे, पण ती आई असल्याचा दाखला कुठे आहे? त्या मंगळवारी कसलीशी सुट्टी होती आणि थिएटर भरलेलं होतं. माणसं अक्षरशः खुर्च्यांवरून घसरत होती. मीही पोट धरून हसलो आणि शेजारी वळलो, साहेब आता काय म्हणतात ते ऐकायला. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, फोटो काढायला बसतात तसे.

टिळा लावावा तसा प्रत्येक सिनेमाला त्यांचा शेरा लागायचा. त्या दिवशी लागला नाही. घर जवळ आल्यावर मीच विचारलं, कसा वाटला. "बरा होता," ते म्हणाले. अकरा वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

गुरुवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. रविवारी मोकळा आहे का, आणि गाडी काढाल का, असं त्यांनी विचारलं. लोणी काळभोरला जायचं होतं. हडपसरच्या गर्दीतून गाडी रेटत असताना त्यांनी, समोरच्या काचेकडे बघत, हकीकत सांगितली. त्यांच्या शाखेत किसन नावाचा शिपाई होता. बत्तीस वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, त्याने आठ दिवसांची रजा मागितली. आई इकडे गावी अंथरुणाला खिळली होती. त्याच्या खात्यावर एकही रजा शिल्लक नव्हती आणि वर्षअखेर असल्यामुळे कोणाला सोडू नये असा वरून आदेश होता. ओव्हाळ तेव्हा रजेच्या टेबलावर नवीन होते. त्यांनी अर्जावर 'अनुज्ञेय नाही' असं लिहून अर्ज परत केला. बिनपगारी रजेची शिफारस करता आली असती. ते त्यांच्या ध्यानात होतं. पण आपल्या टेबलावरून काही ढिलं गेलं असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी ती केली नाही. चार दिवसांनी आई गेली. तेराव्यानंतर किसन डोकं भादरून कामावर आला, त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि निघून गेला. पुढे वीस वर्षं त्याने रोज पाणी ठेवलं. त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत.

"आता काय बोलणार आहात?" मी विचारलं.

"माहीत नाही," साहेब म्हणाले.

किसनचं घर गावाबाहेर, उसाच्या कडेला. तो ओट्यावर लसूण सोलत बसला होता. सत्तरीचा, अंगाने काटक. साहेबांना पाहून तो इतक्या घाईने उठला की लसणाचं सूप पालथं झालं. पाणी झालं, घरच्यांची चौकशी झाली, चहा सांगून झाला. मग साहेब खुर्चीत जरा पुढे सरकले आणि कचेरीतल्या भाषेतच बोलू लागले, कारण त्यांना दुसरी येत नसावी. तुझा अर्ज मी परत केला होता, ते म्हणाले. शिफारस करता येत होती, ती मी केली नाही. तू आईपाशी पोचू शकला नाहीस, ते माझ्यामुळे.

किसनने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आत स्वयंपाकघराकडे. तिथून कोणी ऐकत नाही याची खात्री करून त्याने आवाज खाली आणला.

"सायब, म्या व्हतो की तिच्यापाशी."

साहेबांना कळलं नाही.

"रोज सकाळी येऊन मस्टरवर सही करायचो आन् मागच्या फाटकानं सटकायचो. चार दिस. बाकीच्या शिपायांनी सांभाळून घेतलं. तुमी इचारलं बी व्हतं, किसन कुठाय म्हनून. ते म्हनले, टपाल घेऊन गेलाय."

"चार दिवस टपाल?"

"व्हय."

मी साहेबांकडे बघायचं टाळलं. किसन हात जोडून उभा राहिला. तो खरंच घाबरला होता. निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी हे बाहेर येईल आणि पेन्शनला काही होईल, अशी भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. हे सांगायला नको होतं का, असं त्याने विचारलं.

"बस खाली," साहेब म्हणाले. तो बसला. "ओळखलं का तिने तुला?"

"वळखलं. शेवटच्या दिशी. म्हनली, आज कामावर न्हाई गेलास? म्या म्हनलं, सायबानं रजा दिली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "बरं केलंस."

आम्ही चहा घेतला. किसनने बळेच लसणाची जुडी पिशवीत घातली. तो सगळा वेळ उसाच्या भावाबद्दल आणि नातवाच्या बारावीबद्दल बोलत होता. साहेब हो हो करत होते.

परत येताना गावाची कमान मागे पडली आणि त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. उतरून ते रस्त्याच्या कडेला, माझ्याकडे पाठ करून, उभे राहिले. ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकच्या वाऱ्याने त्यांचा शर्ट फुगत होता. मी इंजिन बंद केलं. पाचेक मिनिटांनी ते आत येऊन बसले, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, "चला, पेंडसे. मंगल जेवायला थांबली असेल."