बॉटमची साइज

सुनीतीच्या सायकलचा क्रँक (म्हणजे पेडल जिला लावतात ती दांडी, मलाही हे परवाच कळलं) घरीच बदलायचा, असं मी ठरवलं. तिथेच चुकलं. जुना वाकला होता, आणि रविवारी ती सीवूड्सच्या बायकांच्या ग्रुपला खारघरला नेणार होती. पहिल्यांदाच लीडर म्हणून. म्हटलं, नवऱ्याचाही थोडा उपयोग व्हावा.

नवा क्रँक आणला, बसवला, फिरवला. दातेरी चाक थेट फ्रेमवर घासायला लागलं. दुकानदार इंद्रजित म्हणाला, "आतला एक्सल आखूड पडतोय. एक्सलसकट अख्खं बॉटम ब्रॅकेटच बदला. आत्ताची साइज काय आहे?"

साइज मला माहीत असती तर काय हवं होतं! दुसऱ्या दिवशी महापेच्या ऑफिसातून घरी फोन लावला.

"सुनीती, बॉटमची साइज सांग ना."

"कशाला?"

"रविवारसाठी नवीन आणायचंय."

"अय्या!" आवाज एकदम मऊ झाला. (लग्नाला इतकी वर्षं झालीत की मऊ आवाजाची मला भीतीच वाटते.) "एक्सएल."

मला ऐकू आलं, एक्सल.

"हो, एक्सलचीच. किती?"

"सांगितलं ना, एक्सएल!"

"अगं, नीट टेप लावून मोज. जुनं आखूड पडतंय, घासतंय सगळं!"

पलीकडे शांतता. ऑफिसातही.

"मी जाडी झालेय, हे तुमच्या अख्ख्या ऑफिसला सांगायलाच हवं होतं का?" फोन कट.

संध्याकाळी खुलासा केला, की मी सायकलबद्दल बोलत होतो. "म्हणजे ट्रॅक पँट आणणारच नव्हतात?" तिने विचारलं. खुलासा केला नसता तर बरं झालं असतं.

मग मोजायच्या भानगडीत न पडता सगळ्यात लांब एक्सल आणला. घासणं थांबलं, पण चेन तिरकी झाली आणि सोसायटीच्या गेटपाशीच उतरली. परत चढवली, परत उतरली. मीही थकून तिथेच कट्ट्यावर बसलो.

शनिवारी सुनीती सायकल ढकलत बाहेर पडली. अर्ध्या तासात चालवत परत आली. चेन सरळ, आवाज नाही.

"इंद्रजितला साइज काय सांगितलीस?"

"साइज कशाला? सायकलच घेऊन गेले."

मी वाकून चेन बघायला लागलो.

"तो विचारत होता, रोज येऊन डोकं खाणारे ते काका तुमचे कोण?"

"मग?"

"म्हटलं, आमच्या सोसायटीत राहतात."