पुंडलिकला पुढं घाला

रामनगरच्या लाकूड डेपोतला कारकून पुंडलिक यानं त्या रविवारी दुपारी एवढंच ठरवलं, की हरवलेली पेन्सिल शोधायची. पेन्सिल सापडली बायकोच्या पिशवीत. तिच्याभोवती चौकटींचा एक कागद गुंडाळलेला होता. तो उलगडला आणि पुंडलिकची वामकुक्षी त्या दिवसापुरती संपली.

कागदावर रुक्मिणीच्या हातचा नकाशा होता. बोळ, जिने, दारं, फुल्या. खाली तिच्याच वळणदार अक्षरात मजकूर: 'विहिरीजवळचा म्हातारा खोटं बोलतोय. विषाच्या बाटल्या दोन. उत्तरेच्या दारातनं पुंडलिकला पुढं घालायचं. मेला तर मेला.'

पुंडलिकनं मान वर करून पाहिलं. घराचं दार उत्तरेलाच होतं.

(रुक्मिणी दोन महिन्यांपासून कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. 'चार बायकांत बसशील' म्हणून त्यानंच धाडलं होतं. चार बायकांत बसून हे?)

संध्याकाळी ताटात बांगड्याची आमटी आली.

"तू आदी खा," पुंडलिक म्हणाला.

"मला भूक न्हाई."

"मग मलाबी न्हाई."

तिची पाठ फिरताच त्यानं बांगडा मांजराला घातला. मांजरानं तो संपवला, दोन पावलं टाकली आणि आडवं झालं. पुंडलिकनं भिंत धरली. मग मांजर घोरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी डेपोत त्यानं शेजारच्या टेबलावरच्या म्हादूला विश्वासात घेतलं. म्हादूनं गंभीरपणे विचारलं, "म्हातारा म्हंजे कोण? तुजा सासरा?"

"खानापूरला असतोय."

"खोटं बोलतोय?"

"लगीन जमवताना बोललावता."

"मग त्योच," म्हादू म्हणाला.

बुधवारी त्यानं अर्धी रजा टाकली आणि रुक्मिणीच्या मागोमाग निघाला. क्लास पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत होता. खिडकीखाली तो दबा धरून बसला. आतून क्लासवाल्या चंद्राचा आवाज आला, "रुक्मिणीअक्का, आता?"

"आता काय! पुंडलिकला पुढं घाल. त्येच्या डोसक्यात धोंडा पडला की आपण जाऊया."

पुंडलिकनं धाडकन दार ढकललं. "मी जित्ता हाय अजून!"

चंद्रानं पडद्यावरची नजर काढली नाही. "न्हाई हो. आत्ताच मेला."

मग उलगडा झाला. चंद्राच्या भावानं बेळगावहून फ्लॉपीवर एक खेळ आणला होता. सहा गडी घेऊन भुयारात उतरायचं. वाट कुणी दाखवत नाही, नकाशा आपला आपण काढायचा. मेलं की पुन्हा पहिल्यापासून. गड्यांना नावं रुक्मिणीनं दिली होती. लाडू मंत्र टाकायचा, तुळजा तलवार चालवायची. पुंडलिक ओझं वाहायचा.

"असल्या छळात कसली मजा गं?" त्यानं विचारलं.

रुक्मिणी त्याच्याकडं वळली. "मी आमटीत मीठ इसरले तरी तुमी 'बरी हाय' म्हणताय. झ्याक झाली तरी 'बरी हाय'. हितं चुकलं की मरायचं आन् जमलं की खरंच जमलं. त्या एका दारापायी अकरा दीस गेले. काल उघडलं, तवा आमी दोघी नाचलो."

पुंडलिकला आठवेना, आपल्या घरात ती शेवटची कधी नाचली होती. तो मऊ झाला. पण हमाल केल्याचं शल्य काही जाईना. "सरक. मी दावतो कसं खेळत्यात."

त्यानं चिलखत, ढाल, भाला, सगळं घातलेला नवा गडी घेतला आणि पहिल्याच पावलाला खड्ड्यात गेला. दुसऱ्यांदा त्याला बेडकानं मारलं. तिसऱ्यांदाही बेडकानंच. (बेडूक तोच होता.) सातव्यांदा मेल्यावर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हणतंय?"

चंद्रा चाचरली. "म्हणतंय... एकूण अनुभव, शून्य."

एकोणीस वर्षं डेपोत काढलेल्या पुंडलिकनं आधी दाराकडं पाहिलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "त्येला कुणी सांगितलं?"